चुन्याच्या निवळीचा उरलेला प्रयोग

माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत ज्याने म्हणून पाऊल टाकले असेल, त्याला चुन्याच्या निवळीचा प्रयोग आठवत असणार. परीक्षानळीत स्वच्छ निवळी घ्यायची, काचेच्या नळीने तीत फुंकर घालायची आणि निवळी दुधाळ झाली की वहीत लिहायचे, 'उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो.' तासाची घंटा व्हायला आलेली असते, मागल्या बाकांवर चुळबुळ सुरू झालेली असते आणि बहुतेक शिक्षक प्रयोग तेथेच थांबवितात. वस्तुतः तो तेथे संपत नाही. एखादा चिवट विद्यार्थी फुंकतच राहिला तर काही वेळाने दुधाळपणा विरळ होऊ लागतो आणि अखेर निवळी पुन्हा पाण्यासारखी नितळ होते. पहिल्या फुंकरींनी चुनखडीचा जो साका तयार झाला, तो पुढल्या फुंकरींनी विरघळून गेला! वायू तोच, पाणी तेच. वाढले ते फक्त प्रमाण. क्रमिक पुस्तकात हा दुसरा भाग चार ओळींत दिलेला असतो, पण त्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

गेली दोनशे-अडीचशे वर्षे मनुष्यजात हाच उरलेला प्रयोग पृथ्वीवरील सर्वांत मोठ्या पात्रात करीत आहे. ते पात्र म्हणजे महासागर. आणि त्या पात्रात चुनखडीचीच घरे बांधून राहणारी असंख्य जीवसृष्टी आहे: पोवळी, कालवे, तिसऱ्या, शंख, गोगलगाई, शिवाय डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी सूक्ष्म जीव. हवामानबदल म्हटले की आपल्यासमोर उकाडा, अवर्षण आणि वितळणारे हिमनग उभे राहतात. समुद्राच्या पाण्याची घडणच बदलत चालली आहे, ही गोष्ट मात्र सुशिक्षितांच्याही गावी नसते. ती दिसत नाही, तिचा आवाज होत नाही आणि तिच्यापासून उकाडाही वाढत नाही, हे त्याचे कारण असावे.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर प्रकार साधा आहे. कारखानदारीचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ या पर्वतावर मोजणीस प्रारंभ केला तेव्हा हा आकडा ३१५ च्या आसपास होता; २०२३ साली तो ४२० च्या पुढे गेला. वाढ मोठी आहे, परंतु आपण जेवढा कोळसा आणि तेल जाळले त्या मानाने ती कमीच म्हणावी लागेल. उरलेला वायू गेला कोठे? काही रानावनांनी घेतला आणि जवळजवळ पाव हिस्सा समुद्राने. दररोज दोन-अडीच कोटी टन वायू समुद्र निमूटपणे पोटात घेत आहे. आपल्या उधळपट्टीचे देणे एखाद्या मोठ्या घरच्या कर्त्या माणसाने परस्पर भागवावे आणि त्याची वाच्यता करू नये, असा हा व्यवहार. अनेक वर्षे शास्त्रज्ञांनाही ही इष्टापत्तीच वाटत होती. समुद्र ही उधारी स्वतःच्या खतावणीत कशी नोंदवितो, हे पाहण्याची गरज बऱ्याच उशिरा भासली.

ती नोंद अशी. कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळला की कार्बोनिक आम्ल होते. सोड्याच्या बाटलीतील पाण्याला जी किंचित चुरचुरणारी चव असते ती त्याचीच. या आम्लातून हायड्रोजनचे आयन सुटे होतात आणि ते पाण्यातील कार्बोनेटला गाठून त्याचे बायकार्बोनेट करून टाकतात. येथेच खरी मेख आहे. शिंपला किंवा पोवळे बांधणाऱ्या जीवाला कॅल्शियम आणि कार्बोनेट या दोन वस्तू लागतात. कॅल्शियम समुद्रात विपुल आहे. कार्बोनेट ही त्याची वीट, आणि हा नवा पाहुणा नेमक्या विटाच पळवितो. बायकार्बोनेटचा ढीग वाढला तरी त्याच्या विटा सहजासहजी होत नाहीत. गवंडी तोच आहे, हातही तेच आहेत; पण एकेक वीट मिळवायला त्याला पूर्वीपेक्षा अधिक खपावे लागते, आणि पाणी फारच भुकेले झाले तर बांधलेली भिंतही झिजू लागते.

आम्लता मोजण्याचे पीएच हे माप सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये सुचविले, तेही बिअर बनविणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. या मापाने समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी पूर्वी ८.२ च्या सुमारास होते. आता ते ८.१ च्याही किंचित खाली आले आहे. एवढासा फरक पाहून कोणालाही हसू येईल. पण हे माप लॉगॅरिथमचे आहे, हे विसरून चालणार नाही. कोष्टक उघडून पाहिल्यास या दशांशाच्या घसरणीचा अर्थ हायड्रोजन आयनांत सुमारे ३० टक्क्यांची वाढ असा निघतो.

आता एका शब्दाविषयी. या घटनेला 'सागराचे आम्लीकरण' म्हणतात. केन कॅल्डेरा आणि मायकेल विकेट यांनी २००३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात लिहिलेल्या टिपणानंतर ही शब्दयोजना रूढ झाली. समुद्र अद्यापि आम्ल झालेला नाही, तो अल्कधर्मीच आहे आणि राहणार आहे, मग हा शब्द भीती पसरविण्यासाठी आहे, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप शब्दापुरता खरा आहे. परंतु लक्षाधीशाची संपत्ती तिसऱ्या हिश्शाने घटली तर तो भिकारी झाला असे कोणी म्हणत नाही. तो गरीब होत चालला आहे, असे मात्र म्हणता येते. कालवाच्या पिलाला पाणी ७ अंशांच्या वर आहे की खाली, याच्याशी कर्तव्य नसते. त्याला विटा मिळतात की नाही, एवढाच त्याच्यापुरता प्रश्न असतो.

आणि ही केवळ उपमा नव्हे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगन राज्यात नेटार्ट्स नावाची एक लहानशी खाडी आहे. तिच्या काठी व्हिस्की क्रीक नावाचे कालवांच्या पैदाशीचे केंद्र आहे. त्या किनाऱ्यावर जे कालव पिकविले जाते ते मूळचे जपानी. तेथील थंड पाण्यात त्याची वीण भरवशाची नाही. म्हणून अशा केंद्रांत अंडी फळवून पिले वाढवितात आणि ती शेतकऱ्यांना विकतात. आपल्याकडे रोपवाटिकेतून रोपे न्यावीत तसे. ओल्या कापडात गुंडाळलेल्या चेंडूएवढ्या गोळ्यात लाखो पिले मावतात. २००७ च्या सुमारास या केंद्रातील पिले मरू लागली. टाकीच्या टाकी रिकामी होऊ लागली. प्रथम संशय आला तो एका जंतूवर आणि तो अगदीच निराधार नव्हता. जंतूंचा नायनाट करणारी महागडी यंत्रसामग्री आणली गेली. पाणी निर्जंतुक झाले, तरीही पिले मरतच राहिली! शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात विलापा उपसागरात कालवे आपोआप धरत असत. तेथेही २००५ नंतर लागोपाठ काही वर्षे नवी पिले धरली नव्हती. ज्यांची सारी उपजीविका कालवांवर, अशा कुटुंबांनी त्या वर्षांत काय सोसले असेल याची कल्पना, एका वर्षी बियाणे उगवले नाही म्हणून हवालदिल झालेला शेतकरी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना करता येईल.

उलगडा झाला तो वाऱ्याच्या दिशेवरून. त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात उत्तरेकडून वारे वाहू लागले की पृष्ठभागाचे पाणी समुद्राकडे ढकलले जाते आणि त्याच्या जागी खोलवरचे थंड पाणी वर येते. हे पाणी वर आले की टाक्यांतील पिले दगावतात, असा मेळ बसू लागला. त्याच सुमारास, २००७ च्या उन्हाळ्याच्या आरंभी, रिचर्ड फीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडापासून मेक्सिकोपर्यंतच्या किनाऱ्याची जहाजातून पाहणी केली होती. शिंपल्यांना झिजविणारे असे पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रावर चढून येत असून एके ठिकाणी ते थेट पृष्ठभागापर्यंत पोचले आहे, असे त्यांना आढळले. ही स्थिती शतकाच्या अखेरीस येईल अशी तोवर शास्त्रज्ञांची समजूत होती. ओरेगन स्टेट विद्यापीठातील बर्क हेल्स, जॉर्ज वाल्डबुसर आणि पैदास केंद्रातील ॲलन बार्टन यांनी मग टाकीत येणाऱ्या पाण्याची सतत मोजणी करून दोन्ही गोष्टींची सांगड घातली. त्यांचा निबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

मोठी कालवे तगतात आणि पिले मरतात, ते का? वाल्डबुसर यांनी पुढे याचे जे स्पष्टीकरण दिले ते मुळातून समजून घेण्यासारखे आहे. अंडे फळल्यापासून पहिल्या ४८ तासांत कालवाचे पिलू आपल्या देहाच्या वजनाचा सुमारे ९० टक्के भाग होईल एवढी चुनखडी तयार करते. त्या काळात त्याला तोंडाने खाता येत नाही. अंड्यातील बलकाची शिदोरी असते तेवढ्यावरच सारे बांधकाम उरकायचे. पाण्यात विटा दुर्मिळ झाल्या की त्या मिळविण्यातच शिदोरी संपून जाते. शिंपला कसाबसा उभा राहतो, पण आत राहणारा उपाशी मरतो. मोठेपणी हाच जीव कॅल्साइट नावाची टणक चुनखडी वापरतो, बालपणी मात्र लवकर विरघळणारी ॲरागोनाइट. निसर्गाने दुबळी वस्तू दिली ती नेमकी दुबळ्या वयात!

केंद्राने यावर जो उपाय शोधला तो घरगुती म्हणावा इतका साधा होता. येणाऱ्या पाण्यात धुण्याच्या सोड्याच्या जातीचे सोडियम कार्बोनेट मिसळायचे. दुपारपर्यंत खाडीतील पाणवनस्पती उन्हात वायू शोषून पाणी सुधारतात, तेव्हा पाणी सकाळी न घेता दुपारनंतर घ्यायचे. आणि यंत्र पाहिल्याशिवाय पाण्याची चावी उघडायची नाही. उत्पादन सावरले. वॉशिंग्टन राज्याच्या गव्हर्नरांनी २०१२ मध्ये या प्रश्नावर खास समितीही नेमली. मात्र टाकीत सोडा टाकता येतो, प्रशांत महासागरात नाही, हे त्या केंद्रातील माणसांइतके दुसऱ्या कोणाला कळले असेल असे वाटत नाही. शिवाय किनाऱ्याशी वर येणाऱ्या त्या पाण्याचा हवेशी अखेरचा संबंध आला होता तो सुमारे ५० वर्षांपूर्वी. म्हणजे २००७ मध्ये ज्या पाण्याने पिले मारली, त्यात १९५०-६० च्या सुमाराचा वायू मुरलेला होता. त्यानंतर कितीतरी अधिक वायू मुरलेले पाणी अजून वाटेवर आहे.

पोवळ्यांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. सारी प्रवाळभिंत समुद्रतळाचा एक टक्काही व्यापत नाही, तरी सागरी जीवजातींपैकी सुमारे पाव हिस्सा तिच्या आधाराने राहतो. पोवळी पांढरी पडून मरतात, ही बातमी आता वारंवार येते. परंतु तो मुख्यतः उष्णतेचा रोग आहे. पाणी तापले की पोवळे आपल्या देहात राहून त्याला अन्न पुरविणारे शैवाल हाकलून देते. आम्लतेचा उपद्रव निराळा आणि संथ आहे. त्याने पोवळे मरत नाही, ते बांधकामात मागे पडते. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात 'बायोस्फीअर २' नावाचे एक प्रचंड काचघर आहे आणि त्यात एक कृत्रिम समुद्रही आहे. क्रिस लँग्डन यांनी त्या समुद्रात वर्षानुवर्षे मोजणी करून २००० मध्ये दाखवून दिले की पाण्यातील चुनखडीच्या संपृक्ततेबरोबर प्रवाळांच्या बांधकामाची गती चढते-उतरते. खऱ्या समुद्राचे काय, हा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधील वन ट्री बेटावर मिळाले. रिबेका ऑलब्राइट, कॅल्डेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवाळभिंतीच्या एका भागावरून वाहणाऱ्या पाण्यात अल्क मिसळून ते कारखानदारीपूर्वीच्या स्थितीच्या जवळ नेले. बांधकाम सुमारे ७ टक्क्यांनी वाढले. म्हणजे आजच नुकसान होत आहे. पुढल्या खेपेस त्यांनी उलट वायू मिसळला आणि शतकाच्या अखेरीस अपेक्षित असलेले पाणी तयार केले. बांधकाम ३४ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २०१६ आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

पापुआ न्यू गिनीच्या मिल्न उपसागरात तर निसर्गानेच हा प्रयोग मांडून ठेवला आहे. तेथे ज्वालामुखीच्या भेगांतून समुद्रतळाशी कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सतत निघत असतात. काथारिना फाब्रिसियस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये केलेल्या वर्णनाप्रमाणे भेगांजवळ पोवळी आहेत, पण ती गोलसर, ढेकळांसारखी, मोजक्या जातींची. ज्यांच्या फांद्यांत मासे आणि खेकडे लपतात त्या नक्षीदार जाती फार कमी झालेल्या. घर उभे आहे, पण त्यात कोनाडे आणि माळे राहिलेले नाहीत. आणि पीएच ७.७ च्या खाली गेला की भिंत घडणेच थांबते.

सर्वच जीव सारखे हरतात असे मात्र नाही, हेही नमूद केले पाहिजे. समुद्री गवताला वाढीव वायू मानवतो. काही प्रयोगांत खेकडे व शेवंडे यांनी उलट अधिक जाड कवच बांधले. आम्ल पाण्यात माशांची बुद्धी भ्रष्ट होते आणि ते शत्रूच्या वासाकडेच पोहत जातात, असे काही निबंधांचे म्हणणे होते आणि ते वृत्तपत्रांनी फार उचलून धरले. परंतु २०२० मध्ये दुसऱ्या गटाने तेच प्रयोग काळजीपूर्वक करून पाहिले तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. अशा फेरतपासणीमुळे विषय लंगडा होत नाही. उलट जे टिकले, म्हणजे कालवाच्या पिलांचे आणि प्रवाळांचे, ते किती भक्कम आहे याची खात्री पटते.

हे सारे अमेरिकेचे आणि ऑस्ट्रेलियाचे झाले. आपल्या अरबी समुद्राचे काय? जगात मधल्या थरात प्राणवायू अत्यंत कमी असलेले जे समुद्र आहेत, त्यांत अरबी समुद्राचा क्रम फार वरचा. जेथे प्राणवायू खर्ची पडतो तेथे कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळे हे पाणी मुळातच अधिक आम्लतेचे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत, विशेषतः केरळपासून गोव्यापर्यंत, हे खालचे पाणी उथळ भागावर सरकत वर येते. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली या पाण्यातील प्राणवायूच्या तीव्र टंचाईकडे जगाचे लक्ष वेधले होते. ओरेगनमध्ये जे उत्तरेचा वारा करतो, तशाच जातीचे काम येथे मोसमी वारा करतो. त्यातच नद्यांना पूर येऊन खाड्यांत गोडे पाणी भरते आणि गोड्या पाण्यात कार्बोनेटचा साठा तुटपुंजा असतो.

शिंपल्याशी कोकण-गोव्याचा संबंध तर घरोब्याचा आहे. शिंपले भाजून केलेला चुना भिंतीला लागला आणि विड्यालाही. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी पातळ शिंपल्यांचे अर्धपारदर्शक तुकडे बसविलेले आजही पाहावयास मिळतात. ओहोटीच्या वेळी कोयता घेऊन खडपांवरची कालवे फोडणाऱ्या बायका आणि खाडीच्या चिखलात वाकून तिसऱ्या वेचणाऱ्या बायका यांच्या मिळकतीची नोंद कोणत्याही वार्षिक अहवालात ठळकपणे येत नाही. पण अनेक चुली तिच्यावर पेटतात. मालवणच्या किल्ल्याच्या आसमंतात पोवळी आहेत आणि १९८७ पासून तेथे सागरी अभयारण्य जाहीर झालेले आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेला जो बुडालेला पठारी प्रदेश आहे, तेथेही प्रवाळांची वस्ती आहे. लक्षद्वीप तर सर्वस्वी पोवळ्यांनीच घडविलेले. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी तेथील पोवळी उष्णतेने पांढरी पडली. मेलेली भिंत नव्याने उभारण्यासाठी बांधकामाचा वेग लागतो, आणि समुद्राची पातळी चढत असताना तर तो अधिकच लागतो. एका बाजूने उष्णता पाडणार आणि दुसऱ्या बाजूने आम्लता बांधू देणार नाही, अशी ही कोंडी आहे. तिच्यामध्ये राहणारी माणसे भारताचे नागरिक आहेत.

उपायांची चर्चा करताना दोन भ्रम बाजूला सारावे लागतील. वातावरणात बारीक कण सोडून ऊन अडवावे, अशी एक सूचना अधूनमधून पुढे येते. तिने कदाचित उष्णता घटेल, पण समुद्रात जाणारा वायू एका टनानेही कमी होणार नाही. दुसरी सूचना समुद्रातच चुना टाकण्याची. चुन्यासाठी चुनखडी भाजावी लागते आणि भट्टीतून बाहेर पडतो तो हाच वायू! मुंबईच्या चुनाभट्टी स्थानकावरून रोज ये-जा करणाऱ्यांना हा विनोद लवकर उमगेल. तो वायू भट्टीच्या तोंडाशीच पकडून पुरला तर गोष्ट वेगळी, पण मग तो कारखान्यांच्या धुराड्यांशीच का पकडू नये? पॅरिस येथे २०१५ मध्ये झालेल्या करारात तापमानवाढीची मर्यादा अंकांनी लिहिली गेली. सागराच्या आम्लतेची मर्यादा मात्र लिहिली गेली नाही. दरडोई वायूच्या बाबतीत भारताचा वाटा जगाच्या सरासरीहून पुष्कळच कमी आहे आणि श्रीमंत राष्ट्रांनी आधी हात आवरावा हे आपले म्हणणे न्याय्यच आहे. पण ते मांडताना आपल्या किनाऱ्याचे आकडे आपल्या हाती असले तर त्याला वजन येईल.

हवाई बेटांच्या उत्तरेस 'अलोहा' नावाचे एक मोजणीचे ठिकाण आहे. १९८८ पासून तेथे जवळजवळ दरमहा जहाज जाते आणि पाण्याचे नमुने घेऊन येते. सागराची आम्लता वर्षागणिक वाढत आहे हे आज ठामपणे सांगता येते ते अशा मूठभर ठिकाणांच्या चिकाटीमुळे. लांब पल्ल्याच्या नोंदींची परंपरा आपल्यालाही अपरिचित नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलविण्यात आली, ती त्या नोंदींत खंड पडू नये म्हणूनच. प्रत्येक तालुक्याच्या गावी पर्जन्यमापक उभा असतो आणि त्याचा आकडा रोज वहीत चढतो. अलिबाग, श्रीवर्धन, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले येथील खाड्यांच्या मुखांशी पाण्याचा पीएच आणि कार्बोनेटचा साठा तसाच बारमाही मोजला जावा, यासाठी फार मोठा पैसा लागणार नाही. रत्नागिरीस सागरी जीवशास्त्राचे संशोधन केंद्र आहे, किनाऱ्यावर विज्ञान शिकविणारी महाविद्यालये आहेत आणि त्यांत रसायनशास्त्राचे विद्यार्थी आहेत. प्रारंभ पावसाळ्यापासून करावा. खालचे पाणी वर येते ते त्याच दिवसांत.